पुस्तकातला खुनी आणि पडद्यावरचा

रहस्यपट संपून चित्रपटगृहातले दिवे लागले की दोन तऱ्हेची माणसे बाहेर पडतात. एकांनी मूळ पुस्तक वाचलेले असते, दुसऱ्यांनी वाचलेले नसते. पहिल्यांच्या तोंडी एक ठरलेले वाक्य असते : "पुस्तकात असे नव्हते हो!" आणि पंगतीत बसून भाजीतले मीठ काढणाऱ्या पाहुण्याकडे पाहावे, तसे दुसरे लोक त्यांच्याकडे पाहतात. आता तर चित्रपटगृहापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. शेरलॉक होम्स आणि एर्क्यूल प्वारो घरच्या पडद्यावर, हव्या त्या घटकेला हजर होतात. त्यामुळे हा वाद माजघरापर्यंत आला आहे. त्यात बाजू कोणाची खरी, ह्याचा विचार आज आपल्याला करावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आपणा मराठी माणसांना रूपांतराचे वावडे मुळीच नाही. देवलांनी शेक्सपिअरच्या ऑथेल्लोला झुंझारराव केले, त्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली. 'संशयकल्लोळ' हे मूळचे मोलियरच्या घरचे, हे नाटक पाहताना कोणाच्या ध्यानातही येत नाही. नावे बदलली, पागोटी बदलली, प्रसंग इकडचे तिकडे झाले, तरी आपण कधी कुरकुर केली नाही. मग एखाद्या इंग्रज बाईच्या खुनाच्या गोष्टीत कोणी थोडा फेरफार केला, तर एवढा गहजब का?

त्याचे कारण असे की ऑथेल्लोची गोष्ट लपविण्याची नाही. तेथे दुष्ट कोण, हे पहिल्या अंकातच सर्वांना कळते आणि तरीही आपण शेवटपर्यंत जागचे हलत नाही. रहस्यकथेचा सगळा संसार मात्र एका लपविलेल्या गोष्टीवर उभा असतो. तिचा शेवट हा तिच्या आरंभातच पुरलेला असतो. म्हणून इतर कादंबरीच्या बाबतीत "पुस्तकात असे नव्हते" ही तक्रार आवडीनिवडीची असेल; रहस्यकथेच्या बाबतीत ती पुष्कळदा हिशेबाची असते, आणि हिशेबाची तक्रार ऐकून घ्यावी लागते.

पुढे जाण्यापूर्वी एक आश्वासन देऊन टाकतो. आज आम्ही अनेक पुस्तकांची नावे घेणार आहोत, पण खुन्याचे नाव एकदाही घेणार नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या प्रतीवर, पहिल्याच पानावर, पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवणारे काही परोपकारी सद्गृहस्थ असतात. त्यांच्यात आमची गणना व्हावी अशी आमची इच्छा नाही.

तर हा हिशेब कोणता? एडगर ॲलन पो ह्याने 1841 मध्ये 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग' लिहून ह्या प्रकाराची मुहूर्तमेढ रोवली. पुढे पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात ह्या कथांना असा बहर आला की लेखकांनी आपल्या धंद्याचे कायदेच करून टाकले. रोनाल्ड नॉक्स हा व्यवसायाने कॅथॉलिक धर्मोपदेशक. त्याने 1929 मध्ये रहस्यकथेच्या दहा आज्ञा लिहिल्या. दुसऱ्याच वर्षी लंडनात डिटेक्शन क्लब निघाला. चेस्टरटन त्याचा पहिला अध्यक्ष. अगाथा ख्रिस्ती आणि डोरोथी सेयर्स त्याच्या सभासद. तेथे नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे, की माझा हेर दैवी साक्षात्कारावर किंवा योगायोगावर गुन्हा उलगडणार नाही आणि मी वाचकापासून महत्त्वाचा दुवा दडवून ठेवणार नाही. शपथविधीत थट्टेचा भाग पुष्कळ होता. पण थट्टेच्या आडून केलेला हा एक करार होता. लेखक वाचकाला फसवील, परंतु खोटे पत्ते खेळून फसवणार नाही. जे जे हेराला दिसले ते ते वाचकालाही दिसले पाहिजे. मग ते पाहून त्याला काही उमगले नाही, तर दोष त्याचा.

आमच्या मते चित्रपटाने पाळावयाचे इमान ते ह्या कराराशी. पोशाख, साल, गाव, संवाद ह्या गोष्टी त्यामानाने दुय्यम होत. पण हा करार पडद्यावर पाळणे फार कठीण आहे, आणि तेथेच खरी गंमत आहे.

लेखकाजवळ लपविण्याची एक उत्तम युक्ती असते. तो टेबलावरच्या दहा वस्तूंची यादी देतो. दिवा, दौत, अर्धवट विझलेली विडी, घड्याळ, वगैरे. वाण्याची यादी वाचावी तसे आपण ती वाचून जातो आणि सातव्या वस्तूपाशी खुनी आपल्याकडे पाहून हसतो, हे आपल्याला शेवटच्या प्रकरणात कळते. कॅमेऱ्याला अशी यादी देता येत नाही. तो टेबल दुरून दाखवील, तर सातवी वस्तू कोणालाच दिसणार नाही. जवळून दाखवील, तर ती ओरडून आपले नाव सांगेल. कॉनन डॉइलच्या 'सिल्व्हर ब्लेझ' ह्या 1892 च्या कथेत तर ह्याहून मोठी अडचण आहे. रात्री तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. होम्स रात्रीच्या कुत्र्याच्या विचित्र वर्तनाकडे लक्ष वेधतो. त्यावर त्याला उत्तर मिळते, की कुत्र्याने तर रात्री काहीच केले नाही. होम्स म्हणतो, तेच तर विचित्र. म्हणजे ह्या कथेतला दुवा हा न घडलेल्या गोष्टीचा आहे. कागदावर न घडलेली गोष्ट एका ओळीत मांडता येते. पडद्यावर ती कशी दाखवावयाची? न भुंकणारा कुत्रा दाखविला, तर कोडे तेथेच सुटले. मुळीच दाखविला नाही, तर करार मोडला. अशा वेळी दिग्दर्शकाला मुकाट्याने मूळ संवादाकडेच वळावे लागते.

नटांमुळे आणखी एक घोटाळा होतो. पुस्तकातली पात्रे नावापुरती सारखीच अनोळखी असतात. पडद्यावर मात्र एक प्रसिद्ध नट आणि बाकीचे सामान्य असले, की प्रेक्षक लगेच ताडतो : एवढा मोठा नट काय उगीच चहाचा पेला घेऊन उभा राहण्यासाठी आणला आहे? सिडनी ल्यूमेटने 1974 साली 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' काढला, तेव्हा ह्यावर मोठा नामी उपाय केला. इन्ग्रिड बर्गमन, शॉन कॉनरी, जॉन गीलगुड, लॉरेन बकॉल, व्हनेसा रेडग्रेव्ह, अशी एकाहून एक नामांकित माणसे त्याने एकाच आगगाडीत भरली. सगळेच मोठे म्हटल्यावर संशय घ्यावा कोणाचा? पुष्कळांना ही नुसती जाहिरातबाजी वाटली. आम्हांला मात्र ती पुस्तकाशी राखलेली इमानदारी वाटते, कारण सर्व प्रवासी सारखेच संशयित असणे हा त्या कादंबरीचा पायाच आहे.

आता होम्सकडे येऊ; कारण बाह्य वेष आणि खरे इमान ह्यांतला फरक त्याच्याइतका कोणी शिकवीत नाही. होम्स म्हटला की कान झाकणारी टोपी आणि वाकडी चिलीम डोळ्यांपुढे येते. ती टोपी मुख्यतः सिडनी पॅजेट ह्या चित्रकाराची देणगी. डॉइलने प्रवासात घालावयाच्या एका कानपट्टीच्या टोपीचा उल्लेख केला आहे खरा, पण ती घालून होम्स लंडनभर हिंडतो असे कोठेही म्हटलेले नाही. वाकडी चिलीम रूढ केली ती 1899 पासून रंगभूमीवर होम्स गाजविणाऱ्या विल्यम जिलेट ह्या अमेरिकन नटाने. ह्याच जिलेटने डॉइलला तार करून विचारले होते, की होम्सचे लग्न लावले तर चालेल काय? डॉइलने कळविले, लग्न लावा, खून करा, वाटेल ते करा. ज्याच्या मुलाविषयी आपण एवढे हळवे, तो बापच इतका बेफिकीर होता! म्हणजे ज्या खुणांवरून आपण एखादा होम्स अस्सल की नक्कल हे ठरवितो, त्यांतल्या निम्म्या मूळ कथांबाहेरच्या आहेत.

डॉक्टर वॉटसनचे उदाहरण ह्याहून बोलके आहे. 1887 च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' ह्या पहिल्या कादंबरीत वॉटसन हा लष्करी डॉक्टर म्हणून मुंबई बंदरात उतरतो आणि त्याला कळते, की आपली पलटण अफगाणिस्तानच्या खिंडी ओलांडून पुढे गेली आहे. पुढे मैवंदच्या लढाईत त्याला गोळी लागते, पेशावरच्या इस्पितळात तो विषमज्वराने मरता मरता वाचतो आणि लंडनला येतो. असा हा युद्ध पाहिलेला, सोसलेला मनुष्य. बॅझिल रॅथबोनच्या 1939 ते 1946 ह्या काळातल्या चौदा चित्रपटांत नायजेल ब्रूसने त्याचा भोळसट विदूषक केला. लोकांना तो फार आवडला, हे नाकारता येत नाही. त्या चौदांपैकी पहिले दोन व्हिक्टोरियाच्या काळातले. नंतरच्या बारांत होम्सला उचलून थेट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणले आणि आरंभी तर नाझींच्या मागावर सोडले. टीकाकार ह्या कालबदलावरच तुटून पडतात. आमची तक्रार त्यावर नाही. वॉटसन मूर्ख केला, ही आमची तक्रार आहे. कारण डॉइलच्या योजनेत वॉटसन म्हणजे आपण, म्हणजे वाचक. तो जे पाहतो तेच आपण पाहतो. तोच मूर्ख ठरला, की प्रेक्षकाला कोडे सोडविण्याचे आमंत्रणच उरत नाही. होम्सचे कौतुक करणे एवढेच काम शिल्लक राहते.

ह्याच्या अगदी उलट घडले ते 2010 साली बीबीसीने होम्सला एकविसाव्या शतकातल्या लंडनमध्ये आणले तेव्हा. वरवर पाहता एवढी मोडतोड दुसरी नसेल. होम्स मोबाइलवरून संदेश पाठवितो, टॅक्सीतून फिरतो. पण वॉटसन पुन्हा अफगाणिस्तानातून जखमी होऊन आलेला आहे. इतिहासाने त्या मालिकेच्या कर्त्यांना हा बदल करण्याची गरजच ठेवली नव्हती. डॉइलने विसरभोळेपणाने वॉटसनची जखम एका पुस्तकात खांद्याला आणि दुसऱ्यात पायाला लिहिली होती. ह्या मालिकेत वॉटसन लंगडतो, पण ते लंगडणे मनाचे आहे आणि खरी गोळी खांद्याला लागलेली आहे! मूळ लेखकाची चूक इतक्या प्रेमाने सावरून घेणाऱ्याला बेइमान कोण म्हणेल?

त्याहून सुंदर गोष्ट घड्याळाची. 1890 च्या 'द साइन ऑफ फोर' मध्ये वॉटसन होम्सच्या हाती एक खिशातले घड्याळ देतो. किल्लीच्या भोकाभोवती ओरखडे आहेत. त्यावरून होम्स सांगतो, की ह्याचा मालक दारुडा होता, कारण किल्ली देताना त्याचा हात थरथरत असे. आज किल्लीचे घड्याळ कोणाजवळ आहे? नव्या मालिकेत घड्याळाच्या जागी मोबाइल आला आणि ओरखडे आले ते चार्जिंगची पिन खुपसण्याच्या खाचेभोवती. वस्तू बदलली, अनुमान तेच राहिले. आणि मुख्य म्हणजे प्रेक्षकाला ते आपल्या खिशातला फोन काढून पडताळता येते, जसे 1890 च्या वाचकाला आपले घड्याळ काढून पडताळता येत होते. मूळ कथेतल्या भावाच्या जागी येथे शेवटी बहीण निघते आणि होम्सची तेवढी चूक होते, ही मूळ वाचणाऱ्यांना दिलेली जादा मिठाई. रूपांतर ह्या शब्दाचा अर्थ कोणी विचारला, तर आम्ही हे एकच उदाहरण देऊ. ह्या मालिकेचे पुढचे काही भाग आम्हांला इतके रुचले नाहीत. त्यांत अनुमानापेक्षा चमत्कार वाढत गेला.

अक्षरशः इमान पाळल्यानेही नेहमी भागत नाही. ग्रॅनडा कंपनीने 1984 पासून जेरेमी ब्रेटला घेऊन होम्सच्या कथा काढल्या. मूळ कथांतल्या बारीकसारीक सवयींचे टिपण त्यांनी आधीच करून ठेवले होते. पॅजेटची चित्रे पाहून प्रसंग उभे केले होते. तासाभराच्या त्या भागांना तोड नाही. परंतु 1993 च्या सुमारास त्याच कंपनीने, त्याच ब्रेटला घेऊन, दहा-वीस पानांच्या कथा ताणून दोन तासांच्या केल्या, आणि मूळ कथेत नसलेली भुते, स्वप्ने आणि खानदानी शाप त्यांत शिरले. नट तोच, घर तेच, टोपी तीच. पण पीठ वाढले नाही आणि पाणी मात्र वाढले.

आता अगाथा ख्रिस्तीच्या 1939 च्या 'अँड देन देअर वेअर नन' ह्या कादंबरीकडे वळू. एका बेटावर दहा माणसे बोलावली जातात आणि एका बालगीताच्या क्रमाने एकेक मरत जातात. प्रत्येकाच्या हातून पूर्वी कोणाचा तरी मृत्यू घडलेला आहे, पण कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही. शेवटी कोणी उरत नाही. ही कादंबरी नाटकात घालावयाची वेळ आली तेव्हा, 1943 मध्ये, भर युद्धात, खुद्द ख्रिस्तीबाईंनीच शेवट बदलला आणि दोघांना वाचविले. रंगभूमीवर सगळेच मेले, तर गोष्ट सांगावयास कोण उरणार, ही अडचण होतीच. पण बाईंनी हा बदल कसा केला ते पाहा. त्या बालगीताचे दोन शेवट प्रचलित होते, एकात शेवटचा मुलगा गळफास घेतो, दुसऱ्यात तो लग्न करतो. बाईंनी दुसरा उचलला. आणि ज्या दोघांना वाचवावयाचे त्यांना त्यांनी निर्दोष ठरविले. नुसते जिवंत ठेवले असते तर खुन्याचा सगळा न्यायच कोलमडला असता. म्हणजे शेवटचा आकडा बदलताना त्यांनी वरच्या रकमाही बदलल्या आणि बेरीज पुन्हा जुळवली. ह्यात गमावले काय, तर कादंबरीतला तो गोठविणारा भाव. निर्दोष माणसेही फाशीच्या यादीत आली म्हटल्यावर, त्या अदृश्य न्यायाधीशाचा दरारा कमी झाला.

पुढच्या चित्रपटांनी हा सोपा शेवटच धरून ठेवला. रने क्लेअरने 1945 मध्ये बेटावर, नंतरच्यांनी 1965 मध्ये बर्फाळ डोंगरावर, 1974 मध्ये इराणच्या वाळवंटात, 1989 मध्ये आफ्रिकेच्या जंगलात ही दहा माणसे नेऊन ठेवली. स्थळ बदलण्याला आमची हरकत नाही. सुटका नसलेली जागा हवी, मग ती पाण्याने वेढलेली असो की वाळूने. त्याच 1965 साली आपल्याकडे राजा नवाथे ह्यांचा 'गुमनाम' आला. त्यात विमानाचे उतारू एका निर्जन जागी सोडले जातात. मेहमूदचा विनोद, हेलनचा नाच आणि नंदा व मनोजकुमार ह्यांचे प्रेम ह्यांच्यासाठी जागा करताना कोड्याला पुष्कळ आवरून बसावे लागले. पण त्याने ख्रिस्तीबाईंचे नाव लावून काही मिरविले नाही, आणि त्यातली ती एकाकी धून ऐकून आजही अंगावर काटा येतो. मूळ कादंबरीचा शेवट पडद्यावर धीटपणे आणला तो सोव्हिएत दिग्दर्शक गोवोरुखिन ह्याने, 1987 मध्ये. आणि बीबीसीने 2015 मध्ये. ते पाहिल्यावर कळते, की इतकी वर्षे प्रेक्षकाला उगीचच नाजूक समजण्यात आले होते.

लेखिकेने बेरीज पुन्हा जुळवली, ती सर्वांनी जुळवली असती तर तक्रार नव्हती. मिस मार्पलच्या 2004 नंतरच्या इंग्रजी मालिकेत काही ठिकाणी खुनीच बदलला, आणि ज्या गोष्टींत मार्पलबाई मुळात नाहीतच, तेथेही त्यांना विणकामासकट नेऊन बसविले. (हे पाप नवे नव्हे. 1963 मध्ये प्वारोच्या एका गोष्टीत मार्गारेट रदरफर्ड ह्यांची मार्पल घोड्यावर बसून आली होती.) खुनी बदलला, पण त्याच्याकडे बोट दाखविणारे जुने दुवे तसेच राहिले, की प्रेक्षकाला शेवटी मिळतो तो धक्का, उलगडा मिळत नाही. ह्याउलट केनेथ ब्रानाने 2023 मध्ये 'हॅलोवीन पार्टी' ही कादंबरी इंग्लंडातल्या खेड्यातून उचलून व्हेनिसला नेली, जवळजवळ सगळीच गोष्ट नव्याने रचली आणि चित्रपटाचे नावही बदलले. ते आम्हांला अधिक सरळ वाटते. घर पाडून नवे बांधले तर पाटीही नवी लावावी.

'ओरिएंट एक्स्प्रेस'ची गोष्ट मात्र निराळी आहे. 1974 चा ल्यूमेटचा चित्रपट, 2010 चा डेव्हिड सुशेचा दूरचित्रवाणीवरील प्रयोग आणि 2017 चा ब्रानाचा चित्रपट ह्या तिन्हींत उलगडा तोच आहे. भांडण आहे ते उलगड्यानंतरच्या दहा मिनिटांचे. 1934 च्या कादंबरीत प्वारो दोन उत्तरे मांडतो, एक खरे आणि एक सोयीचे. पोलिसांना कोणते सांगावयाचे हे रेल्वे कंपनीचा संचालक आणि डॉक्टर ठरवितात, आणि प्वारो शांतपणे बाजूला होतो. पुस्तक तेथेच, जवळजवळ घाईने, संपते. ल्यूमेटने तो शांतपणा पुष्कळसा राखला. सुशेचा प्वारो मात्र श्रद्धाळू कॅथॉलिक आहे. कायदा मोडून निसटणाऱ्यांवर तो संतापतो, आणि शेवटी हातात जपमाळ घेऊन, डोळ्यांत पाणी आणून बर्फातून चालत जातो. ब्रानाचा प्वारो संशयितांना बोगद्यात ओळीने बसवितो आणि त्यांच्यापुढे पिस्तूल टाकतो.

अक्षराने पाहिले तर ल्यूमेट जिंकला. पण न्यायालयाने ज्याला शिक्षा दिली नाही, त्याला माणसांनी द्यावी काय, हा प्रश्न ख्रिस्तीबाईंनी विचारून उत्तर न देता सोडला होता. सुशेने तो वाचकाच्या मनातून उचलून प्वारोच्या चेहऱ्यावर ठेवला. हे दृश्य पुस्तकात नाही. तरीही पुस्तक मिटल्यावर जी अस्वस्थता आपल्याला वाटते, ती ह्यात जशीच्या तशी आहे. म्हणून आमचा कौल सुशेला. पिस्तुलाचा प्रसंग आम्हांला नुसता नाटकी वाटला, कारण तेथे प्रश्न बाजूला पडून प्वारोची हिंमत पुढे येते. ब्रानाच्या मिशांविषयी आम्ही बोलत नाही. 1974 च्या प्वारोच्या मिशा बाईंना पुरेशा भारदस्त वाटल्या नव्हत्या असे सांगतात, तेव्हा ती उणीव कोणीतरी भरून काढणारच होते.

लेखक आणि दिग्दर्शक एकच असला, तर तो आपल्या पुस्तकाशी कसा वागतो, हे पाहावयाचे असेल तर सत्यजित राय ह्यांच्याकडे जावे. त्यांची 'सोनार केल्ला' ही फेलूदाची कादंबरी 1971 ची, चित्रपट 1974 चा. पूर्वजन्मीचा सोन्याचा किल्ला आठवणारा एक लहान मुलगा, आणि त्याच्या मागावर असलेले लोक, अशी ही कथा राजस्थानात घडते. पुस्तक फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे सांगतो. म्हणून तोपशे जे पाहत नाही ते वाचकही पाहत नाही, आणि ठक कोण हे शेवटपर्यंत झाकलेले राहते. चित्रपटात रायांनी ते झाकण स्वतःच्या हाताने काढले. ठक कोण, हे प्रेक्षकाला लवकरच दाखवून दिले. फेलूदाला मात्र ते ठाऊक नाही. ज्याला आपण रहस्य म्हणतो तेच त्यांनी देऊन टाकले. पण त्यांनी बेरीज पुन्हा मांडली होती. पुस्तकात आपण विचारतो, हा कोण? चित्रपटात विचारतो, ह्याला हे कधी कळणार, आणि तोवर त्या मुलाचे काय होणार? प्रेक्षागृहातली मुले फेलूदाला सावध करण्यासाठी खुर्चीच्या काठावर येऊन बसतात. आणि दुवे? ते सगळे जागच्या जागी आहेत. फेलूदाला त्यांच्यावरूनच ठकाला ओळखावे लागते, आणि तो ते प्रामाणिकपणे करतो की नाही हे आता प्रेक्षक उत्तरपत्रिका हातात घेऊन तपासत असतो.